या, या, सावकाश

सत्त्याऐंशी साली चोडणात पिक्चरवाले आले.
दोन ट्रक, एक जनरेटर, आणि हिरो,
जो जवळून पाहिला तर ठेंगणा निघाला.

गोष्ट एवढीच, की छत्रीच्या दांड्यात
कुणा बाटकाराचं मृत्युपत्र,
छत्री हिरोकडे
आणि चार गुंड तिच्या मागे.
बाकी सगळं धावणं.

बाजारातून, मानशीवरून, खाजनाच्या बांधावरून
(एक गुंड मांडीपर्यंत चिखलात रुतला,
ते कागदावर नव्हतं, पण पिक्चरात ठेवलं),
लग्नाच्या बँडमधून,
ज्यातला ट्रंपेटवाला 'कट' म्हटल्यावरही
कडवं पुरं झाल्याशिवाय थांबेना.
रुझार पोदेराची सायकल आडवी झाली,
ऐंशी उंडे रस्ताभर.
तीन टेक.
दुसऱ्या-तिसऱ्याला तेच उंडे झाडून पुसून ठेवले होते,
पण रुझार हिशेब दोनशे चाळिसांचाच सांगायचा,
मरेपर्यंत,
आणि कंपनीचा पत्ता विचारायचा.

मग धक्का.
इथं लिहिलं होतं:
फेरी सुटते, हिरो उडी मारतो,
गुंड काठावर हात चोळत राहतात.
फेरीवर माझे बाबा, सगुण सारंग.
त्यांनी फक्त वेळेवर सुटायचं होतं.

हिरोनं उडी मारली.
बाबांनी मागं पाहिलं,
चार माणसं जिवाच्या आकांतानं धावत येतायत,
एकाची तर चप्पल तुटलेली.
इंजिन उलटं. फळी खाली.
"या, या, सावकाश."

दिग्दर्शक ओरडला. मग त्यानं समजावलं,
सारंग, ते वाईट लोक आहेत.
बाबा म्हणाले, बरं.
दुसरा टेक. फळी खाली.
तिसऱ्याला सांगितलं, मागं बघूच नका.
नाही बघितलं.
पण पावलं ऐकू येतात ना, म्हणाले,
आणि फळी खाली.

ऊन कलायला लागलं.
दिग्दर्शक एका खोक्यावर बसला,
रुझारचा एक उंडा फुंकून खाल्ला
आणि म्हणाला, चढू द्या सगळ्यांना.

तर मांडवीच्या मधोमध हिरो,
चार गुंड, एक मासळीवाली, दोन बोकड.
पळणार कुठं?
एक गुंड हिरोकडे माचिस मागतो.
हिरो देतो.
दुसरा घाम पुसतो, मासळीवालीला इसवणाचा भाव विचारतो,
भाव ऐकून गप्प होतो.
ऊन लागतं म्हणून हिरो छत्री उघडतो
आणि पाचही जण न बोलता तिच्याखाली सरकतात,
डोक्यावर मृत्युपत्र.
रायबंदर येतं. फळी आपटते.
पुन्हा धावाधाव.

पणजीच्या थिएटरात लोक खुर्च्या बडवत हसले.
माझ्या मागचा माणूस उचकी लागून बाहेर गेला.
पडद्यावर बाबा दिसले नाहीत,
फक्त खाकी कोपर, सुकाणूवर, दोनदा.
आईनं मला चिमटा काढून दाखवलं.
बाबा मात्र हसत नव्हते.
"यात हसण्यासारखं काय आहे?"
मग घड्याळ पाहून ताडकन उठले.
शेवटची फेरी.

बसनं रायबंदरला उतरलो
आणि आम्ही तिघं धावलो,
बाबा पुढं, आई एका हातात चपला घेऊन,
मी, माझ्या खिशात शेंगदाणे उडतायत.
बाबांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.
गुडघे फार वर घेत होते.
धक्क्यावर बल्ब, पाणी काळं,
फळी अर्धी उचललेली,
आणि कठड्याला टेकून कायतान खलाशी,
पोट धरून हसत:
"या रे या, सारंग. सावकाश."

बाबांनी त्याला शिवी घातली, कोंकणीतून,
बहिणीपर्यंत जाणारी.
मग इंजिनाजवळ बसून
नदी संपेपर्यंत ते हसत होते.

छत्रीचं पुढं काय झालं, कुणास ठाऊक.